हलव्यापुरती थंडी

गेल्या जानेवारीत बेलव्ह्यूला थंडी पडलीच नाही. टीव्हीवरचा हवामानवाला रोज हसत हसत ‘माइल्ड’ म्हणायचा, जणू त्यानेच खटपट करून ती सवलत मिळवून दिली होती. खाली आमच्याकडे पाऊस, वर डोंगरात ओला बर्फ, आणि दोन दिवसांनी त्या बर्फावरही पाऊस. जाड कोट कपाटातच राहिले, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. शेजारीपाजारी खूश होते. मी मात्र वैतागले होते, कारण मला हलवा करायचा होता.

हलवा म्हणजे संक्रांतीचा, पांढराशुभ्र आणि काटेरी. कोमट परातीत तीळ घ्यायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं तासन्‌तास. हवा थंड आणि कोरडी असली तर साखरेला काटा येतो, नाहीतर हातात चिकट, गुळगुळीत गोळ्या उरतात. मी मुलांची डॉक्टर होते, आता रिटायर झाले, पण इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख हलवेवाली मावशी हीच. कितीतरी घरच्या नव्या सुनांनी आणि बाळांनी माझ्या हातचे हलव्याचे दागिने घातले आहेत. आता मला स्वतःला नात झाली होती. रविवारी तिचं पहिलं बोरन्हाण होतं, आमंत्रणं गेली होती, आणि तिच्या अंगावर आजीच्या हातचा मुकुट, हार, बाजूबंद असायला हवे होते. त्या हिवाळ्याकडे माझं एवढंच मागणं होतं.

आठवडाभर रोज परात मांडली आणि रोज गोळ्या फेकून दिल्या. मुलगा म्हणाला, “आई, ऑनलाइन ऑर्डर करतो ना. टू डेजमध्ये दागिने घरी येतील.”

“मग आजी पण ऑनलाइनच मागव,” मी म्हटलं.

बिचाऱ्याने हवेतला दमटपणा शोषणारं एक यंत्र आणलं. ते रात्रभर घरघरलं, सकाळी त्यातून बादलीभर पाणी निघालं, हलवा होता तसाच. सोफ्यावरून आमचे हे म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे गप्प बसावं हे माणसाला कळायला हवं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

शेवटी मुलालाच तोडगा सुचला. ढग सगळं पाणी डोंगराच्या आमच्या बाजूलाच ओततात, पलीकडे कोरडी, कडक थंडी असते. तिथे त्याच्या मित्राचं एक छोटं घर होतं, शनिवारी रिकामं. नातीला आजोबांच्या ताब्यात देऊन आम्ही तिघं सकाळीच निघालो. मुलगा ड्राइव्ह करत होता, परात माझ्या मांडीवर, मागे सूनबाई पाकाचं पातेलं आणि साखर सांभाळत बसलेली. सूनबाई न्यू जर्सीत वाढलेली. मराठी समजतं, बोलताना अडखळते, पण लाजत नाही.

घाट चढेपर्यंत पाऊस होता. मग पावसात बर्फ मिसळायला लागला, वायपरला ती लापशी ओढवेना. माथ्याच्या अलीकडे सगळ्या गाड्या थांबवल्या होत्या. वर ओला बर्फ साचून कोसळायच्या बेतात आला होता आणि तो मुद्दाम पाडेपर्यंत रस्ता बंद होता.

“किती वेळ लागेल यार,” मुलगा स्टीअरिंगवर बोटं आपटत पुटपुटला.

मी मनातल्या मनात त्या हवामानवाल्याचा उद्धार करत होते. घरी थंडी हवी तर पाऊस, आणि थंडीच्या शोधात निघावं तर वाटेत बर्फ आडवा. रडायलाच यायला लागलं होतं मला.

रस्ता उघडला, आम्ही घाट उतरलो आणि पलीकडे लख्ख ऊन निघालं. मित्राच्या घरापाशी पायाखाली बर्फ करकरत होता. दोन श्वासांत ओठ सुकले. अशी हवा मिळाल्यावर हलव्याला काटा न येऊन सांगतो कोणाला! मी कोटही न काढता पाक करायला घेतला.

काटा आला नाही.

मी साखर बदलली. नळाच्या पाण्याला नावं ठेवली, मग त्या घरातल्या विजेच्या शेगडीला. तीळ पिवळट पडले, गोळ्या चकाकू लागल्या. मुलगा हळूच बाहेर निघून गेला. सूनबाई जवळ उभी होती.

“आई, मी थोडं ट्राय करू?” तिने परातीत बोटं घातली आणि झटकन मागे घेतली. “आई, हे खूप हॉट आहे.”

“कोमट आहे,” मी म्हटलं आणि हलवत राहिले.

तिने शेगडी बंद केली, माझा हात परातीतून उचलून उलटा केला. बोटांची टोकं लालबुंद झाली होती. अंगठ्याशेजारच्या बोटावर फोड होता.

“दुखत नाही?”

दुखत नव्हतं. मला डायबेटिस आहे. पायांना मुंग्या येतात हे ठाऊक होतं, त्याच्याकडे मी काणाडोळा करत होते. तो बधिरपणा हातांपर्यंत पोचल्याचं मला परातीने सांगितलं. परात तापली की साखर वितळते, काटा धरत नाही, हे मी शंभर जणींना शिकवलं असेल. घरीही आठवडाभर परात अशीच तापत असणार आणि मी पावसाला शिव्या देत होते.

सूनबाईने माझी बोटं गार पाण्याखाली धरली. मग शेगडी पुन्हा मंद लावली आणि मला स्टुलावर बसवलं. मी सांगत गेले, ती हलवत गेली. दुपार कलली तेव्हा तिच्या बोटांखाली पहिला काटा आला, बारीक आणि टोकदार. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

रात्रीतून तिने आणि मुलाने दागिने ओवले. रविवारी नात काळ्या झबल्यावर ते घालून पाटावर बसली, आणि बायका म्हणाल्या, “मावशी, यंदा काटा काय सुरेख आलाय.”

मी तोंड उघडायच्या आत सूनबाई म्हणाली, “आईंनीच केलाय.”

तिच्या त्या चांगुलपणाची मला इतकी चीड आली की मी सगळ्यांसमोर म्हटलं, “नाही. परात गरम आहे का गार, मला आता कळत नाही. हिने केलाय.”

मग कोणीतरी बोरं आणि चुरमुरे पुढे केले आणि गलका सुरू झाला. सूनबाई माझ्यासाठी चहा घेऊन आली. कप हातात देण्याआधी तिने तो बशीत ओतला, फुंकर घातली, स्वतःचं बोट लावून पाहिलं आणि मग बशी माझ्यापुढे धरली. मला त्याचाही राग आला, आणि मी तो चहा प्यायले.