मैनाबाईचं फाटक

मोह गळायला लागला की मैनाबाई फुलांची टोपली घेऊन दुकानात हजर. यंदा तिची लेक रामकला आली, रिकाम्या हातानं... "वहिनी, माय गेली," म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत, "जाता जाता म्हने, वहिनीच्या चहात साखर कमी रायते, सांगजो तिले." रडू फुटायच्या आधी मला हसूच आलं.

हिंगणीत आमचं किराण्याचं दुकान, मैनाबाई जंगलालगतच्या गोंड वस्तीतली. घरात गोंडी, दुकानात वऱ्हाडी आणि भावाची घासाघीस करताना दोन्ही. लग्नात बापानं तिला टेकडीवरचं मोहाचं झाड दिलं होतं. त्यांच्या वस्तीची रीतच तशी. जमीन कोणाची का असेना, त्या झाडाची फुलं लेकीची. दोन हजार सालानंतर तिथं एक कंपनी आली, टेकडीला तारेचं कुंपण घातलं, त्याच्या एकुलत्या दाराला कुलूप लावलं, आत सागाची रोपं लावली. साहेबानं सभेत समजावलं, परदेशातल्या कारखान्यांचा धूर ही झाडं शोषून घेणार, म्हणून आता आत गुरं नाहीत, सरपण नाही, मोहही नाही. मैनाबाई उठली. "धूर त्याहीचा, अन् कुलूप माह्या झाडाले काऊन?" साहेब म्हणाला, "आजी, झाड आता साऱ्या जगाचं आहे." "मंग जगाले म्हना, पहाटे फुलं येचाले ये!" सभा खो खो हसली. कुलूप मात्र राहिलंच. त्या वर्षी तिची फुलं तारेआड सडली, आणि ही बाहेर बसून बघत राहिली. माझा जीव तुटायचा.

पुढच्या वर्षी तिनं साहेबालाच पूजेचं आवतण दिलं. पहिली फुलं वेचण्याआधी ते झाडाला पूजतात, पाहुण्याला तीच फुलं भाजून खाऊ घालतात. फोटो छान येतील म्हणून साहेबानं स्वतः कुलूप काढलं, फुलं मागून मागून खाल्ली. मग वस्तीतल्या म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं, "झाडाचं पह्यलं ज्यानं खाल्लं, थो घरचा झाला. घरचा मानूस घरधनिनीले दारात अडवत नाई." साहेबाचं तोंड भरलेलं, समोर अख्खं गाव... आठवडाभरात कुंपणात, झाडाच्या बाजूला, मैनाबाईसाठी वेगळं फाटक बसलं.

फाटक एकटीसाठी होतं, मैनाबाई साऱ्या बायांना घेऊन शिरायची. गुरांना चराई मात्र खुली झाली नाही. गुरं विकून कितीतरी घरं हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात मजुरीला गेली. हा विषय निघाला की ती टोपली उचलून चालू लागायची.

पुढं कंपनी गेली, साग वाळला, तार लोकांनी गोठ्यांना नेली. उरलं नुसतं फाटक. चहूकडं मोकळं रान, तरी मैनाबाई त्यातूनच जायची. मी चिडवलं तर म्हणायची, "तारेखालून सरकून नाई घुसली वहिनी, खाऊ घालून घेतलंय थे. आता बाजूनं काऊन जाऊ?"

परवा रामकलेबरोबर गेले. झाड आता तिचं. खाली फुलांचा सडा पडलेला. मी आपली जवळची वाट म्हणून बाजूनं निघाले, तर ही फाटक उघडून उभी. "वहिनी, इकडून." मी वळले, आत शिरले.

"कडी लावजो," ती पुढं जाता जाता म्हणाली. मी लावली.