शेवटचा उभा तुकडा

हरेश्वरदादांची नि माझी पहिली ओळख आवाजाने झाली. ऐंशी साल उजाडायचं होतं. जूचंद्रच्या खाजणाकडे, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर, मी गवताचे भारे बांधायला गेले होते. हिवतापाने अंग मोडून आलं, म्हणून उंच गवतात जरा आडवी झाले ती गुंगीतच गेले. मी तिथे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जाग आली ती ट्रॅक्टरच्या घरघरीने, आणि तिच्याखाली एक बारीक सूं-सूं. दादांनी ट्रॅक्टरला जोडायचं फिरतं कापणीयंत्र नुकतंच बनवलं होतं. बाहेरून आत, फेऱ्या घेत ते गवत कापत येत होतं. आवाज उजवीकडून जायचा, मागे फिरायचा, डावीकडून यायचा, आणि दर फेरीला अधिक जवळ. उंदीर, लाव्हे सगळे माझ्याकडे सरकू लागले. एक धामण माझ्या पायावरून गेली, तिला माझी भीतीही वाटली नाही. ओरडावं तर तोंडातून शब्द फुटेना.

मग अचानक इंजिन थांबलं. सुटले एकदाची, म्हणून मी रांगत पुढे निघाले. समोर यंत्राची पाती लावलेली गोल थाळी अगदी स्थिर दिसत होती. एक काडी तिच्या कडेवर पडली नि दिसेनाशीच झाली.

"हलू नको बाय," दादा हळूच म्हणाले. "पाती अजून फिरतान."

बरी झाल्यावर त्यांनीच मला आपल्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला घेतलं. बाई पाने-हातोडी धरणार म्हणून गाव हसलं, पण दादांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी शिकवलं ते असं: ट्रॅक्टरच्या दांड्यावर दोन थाळ्या एकमेकींच्या उलट फिरतात, म्हणून कापलेलं गवत मधोमध ओळीने पडतं. पाती आवळायची नाहीत, सैलच ठेवायची. वेगाने ती बाहेर ताठ होतात, दगड लागला तर मागे वळतात. खटका ओढून जोडणी सोडवली, इंजिन बंद केलं, तरी थाळीच्या अंगातला वेग लगेच जात नाही. गिरीजच्या एका बागायतदाराने एकदा घाईने पाय पुढे टाकला, तर दादांनी त्याला यंत्र द्यायलाच नकार दिला.

शेवटचा उभा तुकडा राहिला की दादा यंत्र थांबवतात, काठी घेऊन आत फिरून येतात आणि तेवढं गवत विळ्याने कापतात. या शिस्तीमुळेच मी वाचले, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. हा लेख लिहायला बसण्याआधी त्या दिवसाबद्दल त्यांनाच विचारलं.

"तवा मी कदी थांबत नव्हतो," ते म्हणाले. "कोनी दिसलं नव्हतं, काय ऐकू आलं नव्हतं. हात आपसूक खटक्यावर गेला. का गेला, ठावं नाय."

त्या दिवसापासून मात्र शेवटच्या तुकड्यापाशी न थांबता ते एकदाही पुढे गेलेले नाहीत.

दादा आता साठीचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची प्रार्थना. त्या गवतात माझ्यासाठी दोनच फेऱ्या उरल्या होत्या. त्यानंतरचे जेवढे दिवस माझ्या वाट्याला आले आहेत, त्यातले हवे तेवढे देवाने काढून त्यांना द्यावेत.