स्वस्त विजेची दुपार

आमच्या धंद्यात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायली निदान दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देता येतात. किश्श्यांचं काय करणार? रद्दीवाला घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी धंदा सांगते, कारण तो ऐकून लोक हमखास विचारतात, "यावर पोट भरतं?" भरतं हो! आम्ही दुकानदारांची, कारखानदारांची विजेची बिलं तपासतो आणि त्यांना कुठला दर, कुठली वेळ स्वस्त पडेल ते सांगतो. धायरीला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यात मी, आपटे सर आणि पल्लवी. आपटे सर वीज खात्याच्या बिलिंगमधून रिटायर झालेले, पक्के पेठेतले, शब्द मोजून वापरणारे. पल्लवी अमरावतीची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. ती शब्द मोजत नाही.

एकदा कोथरूडचा एक तरुण कॅफेवाला आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मॅम, मला ही कंपनीच नको. मोबाईलसारखं दुसरीकडे पोर्ट करून द्या ना!"

आपटे सरांनी चष्म्यावरून बघितलं. "नंबर तोच ठेवायचाय का?"

तो बिचारा "हो, प्लीज" म्हणाला! मग पल्लवीने त्याला खाली बसवून समजावलं, की छोट्या दुकानदाराला कंपनी बदलता येत नाही, पण तो दराच्या कुठल्या वर्गात मोडतो, किती भार मंजूर आहे आणि वीज कुठल्या वेळी वापरतो, एवढं बदलता येतं. त्यातच सगळी गंमत आहे.

* * *

गेल्या वर्षी आमच्या तिघांच्या जिवाला लागलेली केस म्हणजे दामले काकांची गिरणी.

गिरणी पेठेत, खाली मशीन आणि वर घर. लहानपणी आईने मला डबा देऊन पाठवलं तेव्हापासून मी ती बघतेय. काका एक दिवस बिलांची पिशवी घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बिल उतरलं तर गिरणी. नाहीतर मशीन विकतो, जागा भाड्याने देतो. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण तयार आहे." मला खरंच वाईट वाटलं. जिथे गरम पिठाचा वास यायचा तिथे कव्हरं!

आपटे सरांनी दोन दिवस बसून तुलना केली. गिरणीला उद्योगाचा दर आधीच लागू होता, त्यामुळे तिथे काही सुटणार नव्हतं. पण आता दिवसा उन्हाच्या वेळात वीज स्वस्त मिळते आणि संध्याकाळनंतर महाग. काकांचं निम्मं दळण संध्याकाळी. लोक सकाळी डबा ठेवून जातात आणि रात्री नेतात. तेच डबे दुपारी दळले, की गिरणी वाचते. इतकं सोपं!

"दुपारी एक ते चार गिरणी बंद असते," काका म्हणाले.

"का?" पल्लवीने विचारलं. ती अमरावतीची आहे, तिला माफ करा.

"मी झोपतो. मशीनच्या आवाजात माझा डोळा लागत नाही."

"काका, अहो, स्वस्त वीज दुपारीच मिळते!"

"मग महाग घेऊ," काका म्हणाले आणि पिशवी तिथेच ठेवून गेले.

* * *

मार्केट यार्डातले एक मसाल्याचे व्यापारी आमच्याकडे येतात. त्यांना नुसतं शेठ म्हणते, नाव नको. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मी एवढी वीज उचलतो, मला होलसेल भाव लावायला सांगा."

आपटे सर म्हणाले, "पोत्यात भरून नेणार असाल तर लावतील."

शेठना राग आला नाही, उलट सर आवडलेच. मग बिल बघितलं. आपण एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार, तेवढा भार आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो वापरा न वापरा, त्याचा आकार दर महिन्याला बसतो. शेठनी तो एका शीतगृहासाठी भरपूर वाढवून घेतला होता. शीतगृह काही झालं नाही. भार मात्र तसाच!

"निम्मा करून टाकू," मी म्हटलं.

"नको, नको. मार्केटमध्ये काय म्हणतील?"

"शेठ, मार्केटला तुमचं बिल कुठे दिसतंय?"

"मीच दाखवतो ना!"

शेवटी भार कमी केला. जुनं बिल त्यांनी काचेखाली ठेवलंय, दाखवायला.

* * *

धायरीत फॅब्रिकेशनचं एक वर्कशॉप आहे. मालक पोकळे अण्णा, मूळचे गावातलेच. पूर्वी त्या जागेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तेव्हाचाच दुकानाचा दर अजून चालू. तो बदलून उद्योगाचा करून घ्यायचा अर्ज अण्णांनी कधी केलाच नव्हता. आम्ही केला. आता वीज कंपनीचे साहेब येऊन बघणार, की इथे खरंच काही तयार होतं की नाही.

पल्लवी तपासणीच्या दिवशी पोहोचली तर दारात रांगोळी! आत फरशी धुतलेली, मशिनींवर चादरी, कामगार इस्त्रीच्या शर्टात रांगेत उभे, टेबलावर पेढे. वेल्डिंगची ठिणगी नाही की ग्राइंडरचा आवाज नाही.

"अण्णा, मशिनी काहून बंद केल्या?"

"सायब यायचं म्हणल्यावर घान दिसाया नको, मॅडम!"

साहेब आले, पेढा खाल्ला, चादरींकडे बघितलं आणि लिहून गेले, 'येथे उत्पादन होत असल्याचे दिसून आले नाही.'

पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. या खेपेला पल्लवीने बजावलं, "अण्णा, काहीच करू नका. रोज जसं असते तसंच राहू द्या." दुपारी अण्णांचा फोन आला, आनंदाने ओरडत होते, "मॅडम, काम झालं! सायबाच्या शर्टाला ग्रीस लागलं हाय!"

* * *

मधूनमधून दामले काकांचा फोन यायचा. "आपटे, काही सापडलं का?"

"दुपार सापडलीय."

"ती सोडून बोला." आणि फोन ठेवायचे.

गणपती झाले. कव्हरवाला जागा मोजून गेला, असं कळलं. पल्लवीने गिरणीच्या मोटरला पट्टा नवा टाकायला लावला, पंखा बदलायला लावला. बिल थोडं हललं, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं. कोपऱ्यातली काकांची पिशवी दिसली की मला उगाचच अपराधी वाटायचं.

* * *

बाणेरच्या एका स्टार्टअपला रिपोर्ट हवा होता. त्यांचा मेल आला, त्यात 'डॅशबोर्ड', 'अॅनॅलिटिक्स', 'रोडमॅप' असे शब्द होते. पल्लवीने जीव तोडून एक्सेल केली, सगळे दर शेजारी शेजारी, रंगीबेरंगी. मग आपटे सर म्हणाले, "एकदा जागा बघून येऊ."

बघून आले आणि सरांनी रिपोर्टच्या पहिल्या पानावर एकच ओळ टाइप करून घेतली. 'एसी चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात.'

तिथल्या मुलांनी ती ओळ छापून भिंतीवर लावलीय म्हणे. खिडक्या लावल्यात की नाही ते माहीत नाही.

* * *

हा किस्सा बाहेर सांगायचा नाही असं ऑफिसात ठरलंय, म्हणून तुम्हालाच सांगते.

एका निवांत दुपारी पल्लवीने सहज आमच्या स्वतःच्या ऑफिसचं बिल हातात घेतलं. उलटून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे ओव्हन आहे का?"

"ओव्हन? चहाची शेगडी आहे."

"मग आपण बेकरीचा भार काहून भरून राह्यलो?"

आधीचा भाडेकरू बेकरीवाला होता! त्याच्या भट्ट्यांसाठी मंजूर केलेला भार आम्ही इतकी वर्षं इमानाने भरत होतो. मी, आणि बिलिंगमध्ये उभी हयात काढलेले आपटे सर! रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवत होतो ते याच टेबलावर बसून.

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "फी कोणाला लावायची?"

* * *

दसरा झाला आणि दामले काका स्वतः आले. आता त्यांचा सूर वेगळा होता. "कव्हरवाल्याला रविवारी शब्द देणार आहे. तुम्ही प्रयत्न केलेत, आभार."

"काका, एकदा दुपारी चालवून तर बघा," मी जवळजवळ हात जोडले.

"अगं, मी सत्तरीला आलो. दुपारी झोप नाही झाली तर संध्याकाळी उभा कसा राहू? आणि खाली मशीन धडधडत असताना झोपणार कसा?" ते रागाने नाही बोलले. खरंच त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता.

तेवढ्यात पल्लवीने लॅपटॉप फिरवला. गिरणीला नुकताच नवा मीटर बसला होता, कुठल्या तासाला किती वीज वापरली ते सांगणारा. तिने महिन्याभराचा तक्ता काढला होता.

"काका, तुमची मशीन तर दुपारी चालून राह्यली नं. रोज. दोन ते साडेतीन."

"अशक्य."

"हे बघा ना. रविवार सोडून रोज."

"शटरला मी स्वतः कुलूप लावतो आणि किल्ली उशाखाली ठेवतो. तुमचा मीटर बिघडलाय. तक्रार करा!" आणि काका ताडकन उठून गेले.

आपटे सरांनी तक्त्यातले रविवार एकेक करून बोटाने तपासले. मग म्हणाले, "मीटर रविवारची सुट्टी घेत नाही. तक्रारीच्या आधी जागा बघू."

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला आम्ही तिघं पेठेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गिरणीचं शटर बंद, कुलूप जागच्या जागी. आणि आतून मशीनचा आवाज! बारीकसारीक नाही, चांगला शटर थरथरतंय असा.

शेजारच्या बोळातून मागे गेलो. मागचं दार उघडं. पायऱ्यांवर चार बायका डबे घेऊन गप्पा मारत बसलेल्या, आत भाजणीचा खमंग वास, आणि मशीनपाशी पदर खोचून दामले काकू. केसांवर, भुवयांवर पीठ.

आम्हाला बघून काकूंनी पटकन तोंडावर बोट ठेवलं.

मागे मशीन असं धडधडत होतं की पायाखालची फरशी हलत होती, आणि काकू आम्हाला गप्प राहायला सांगत होत्या!

"हळू बोला!" काकू मशीनच्या वर आवाज काढून ओरडल्या. "हे वर झोपलेत!"

"काकू, हे कधीपासून?" मीही ओरडले.

"मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून! बायकांना भाजणी, मेतकूट माझ्या हातचंच दळून हवं असतं! ह्यांची झोपेची वेळ, त्यांना कशाला त्रास?"

"अख्ख्या गल्लीला माहितीये," पायरीवरची एक बाई म्हणाली.

पल्लवी भिंतीला टेकून हसत सुटली. आपटे सर मात्र गंभीरपणे पुढे झाले. त्यांनी हात जोडून काहीतरी विचारलं, पण त्या आवाजात काकूंना एक अक्षर कळलं नाही. सरांनी पुन्हा विचारलं. काकूंनी कानाला हात लावला, मान हलवली आणि शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं.

पट्टा हळूहळू मंदावला आणि थांबला. गिरणीत एकदम शांतता झाली.

वर खाट करकरली. जिन्याचं दार उघडलं आणि दामले काकांचा झोपमोड झालेला आवाज खाली आला.

"काय गं, लाइट गेली का?"