दुसरा रिमोट

आमच्या वाटूरच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, तेव्हा दुपारी निवांत बसायची सोय नव्हती. माझी लेक, गल्लीतली पोरं आणि समोरच्या घरातले काका, असा सगळा बाजार आमच्या बैठकीत भरायचा. रिमोट दोनच. हरला त्यानं रिमोट सोडायचा, पुढच्यानं उचलायचा. काका पोस्टातून निवृत्त झालेले, नातवंडं पुण्याला. लेकरांना बरं वाटावं म्हणून ते मुद्दाम हरायचे असं नाही, त्यांना खरंच खेळता येत नव्हतं. पडद्यावरची गाडी वळली की स्वतःही वळायचे, शेजारच्या पोरावर कलंडायचे आणि पोरं हसून लोळायची.

मला त्या गोंगाटाचा वैताग यायचा. शाळेत दिवसभर पोरं, घरी आलो की पुन्हा पोरंच. शेवटी लेकीला टॅब आणला. लोकांना सांगितलं, अभ्यासासाठी. घर शांत झालं. जुना गेम वायरींसकट काकांनी मागून नेला.

"ऱ्हाऊ द्या माह्याकडं, सर. पोरीला म्हणाव, येत जा खेळायला."

तो निरोप मी लेकीला दिलाच नाही. ती गेली की तिच्यामागं सगळी गल्ली परत येईल, ही भीती. शांतता मला चांगलीच मानवली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. जलदान विधीला त्यांच्या दारात मांडव घातला होता. त्रिशरण-पंचशील झालं. गल्लीतला मास्तर मी, तेव्हा बोलायचं काम माझ्याकडंच. लेकीनं मधेच भुणभुण करून चारचौघांत माझी शोभा करू नये, म्हणून मीच तिला मागच्या खुर्चीवर टॅब आणि हेडफोन देऊन बसवलं होतं. काकांचा लेकरांवर किती जीव होता, ते मी भरल्या गळ्यानं सांगितलं. मोबाईलनं माणसं कशी तोडली, हेही ठोकून दिलं. मग सगळ्यांना उभं केलं आणि मौन सुरू झालं.

त्या शांततेत मागून माझी लेक ओरडली, "हाण! हाण त्याला! जिंकली मी!"

पांढऱ्या साड्यांतल्या बायांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मौन संपल्याचं मीच सांगायचं होतं आणि मी लेकीलाच हातानं खुणावत राहिलो. शेवटी कोणीतरी खाकरलं आणि लोक आपले आपण खाली बसले.

निघताना लेकीला घेऊन काकूंसमोर उभा राहिलो. मान वर होत नव्हती.

"लेकरू हाय, सर," काकू म्हणाल्या. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "कोणासंगं खेळून राह्यल्ती गं?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हंजी?"

"असतं कोणीतरी, आजी. कुठलं पण."

काकू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "आमचे हे तर समोरच होते, बाई. दुपारी टीव्ही लावून बसायचे. दुसरा रिमोट तुह्यासाठी पुसून ठेवायचे. म्हणायचे, मी निरोप देल्ला हाय, येईल ती."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं.

"पप्पा, मला कुठं सांगितलं तुम्ही?"