वरची तांते, खालची तांते आणि मीराचं बारसं

जर्मनीतल्या सारब्र्युकेनच्या त्या घराचा जिना लाकडी होता... शनिवारी सकाळी मी आणि तांते गेर्डा पायरीवर बसून बटाटे सोलायचो. साल १९६५. मीरा, तू तेव्हा पोटात होतीस.

तांते म्हणजे मावशी, आत्या, काकू... जर्मनमध्ये सगळ्यांना तोच शब्द. तांते गेर्डा आमची घरमालकीण, वरच्या मजल्यावर राहायची. तळमजल्यावर तिची धाकटी बहीण, तांते त्रूडी. मधल्या मजल्यावर आम्ही दोघं. ह्यांची डॉक्टरेट चालू होती.

दोघी बहिणींचे निरोप माझ्यामार्फत जायचे. "खालच्या बाईंना सांग, कोळसेवाला उद्या येतोय." मी खाली. "वरच्या बाईंना सांग, कळलं." मी परत वर, पोट सांभाळत...

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी आई तिच्या थोरल्या दिरांशी कधी थेट बोलली नाही, आम्हा मुलांच्या तोंडूनच निरोप धाडायची. मला वाटलं, इथे थोरल्या बहिणीची अशी मर्यादा पाळत असतील. चर्चमध्ये एक डाव्या बाजूला बसायची, दुसरी उजव्या. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्स आम्हाला उंचीप्रमाणे बसवायच्या, तसंच काही असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग मीरा झाली. सहा आठवड्यांनी बारसं करायचं ठरवलं. ना आई जवळ, ना सासूबाई. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका तरी हव्यातच... मी वर जाऊन एकीला बोलावलं, खाली जाऊन दुसरीला. दोघी आनंदाने हो म्हणाल्या. आणखी कोण येणार, हे दोघींनीही विचारलं नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी हे लॅबमध्ये डोकावून आले ते घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने. तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"अगं, दोघींना बोलावलंस? दहा वर्षं बोलत नाहीत त्या एकमेकींशी."

"मर्यादा पाळतात हो."

"मर्यादा कसली डोंबलाची... भांडण आहे ते."

महायुद्धानंतर सारब्र्युकेनचा सार प्रांत फ्रान्सच्या अंमलाखाली होता. १९५५ साली मतदान झालं. जर्मनीपासून वेगळं, युरोपच्या छत्राखाली राहायचं का? हो की नाही? 'नाही' म्हणजे जर्मनीत परत जायचं, असंच सगळे धरून चालले होते. त्रूडी 'हो'च्या बाजूची, गेर्डा 'नाही'च्या. जेवणाच्या टेबलावर थोरलीने धाकटीला गद्दार म्हटलं. धाकटीने तिला जुन्या नाझी राजवटीची शेपूट म्हटलं. 'नाही'वाले जिंकले, प्रांत जर्मनीत गेला, गावही हळूहळू निवळलं. या दोघी तेवढ्या राहिल्या.

परक्या देशात माझ्या लेकीचं पहिलं कार्य, आणि त्यातून कुणीतरी दार आपटून निघून जाणार... पण आता नको कसं म्हणणार? तीन वाजता दोघी हजर. माझ्याकडे कप कमी म्हणून प्रत्येकीने आपापले तीन आणले होते. टेबलावर ठेवल्यावर कळलं, सहाही कप एकाच सेटचे. निळ्या फुलांचे, त्यांच्या आईचे. वाटणीत तीन-तीन आलेले.

मी भीतीपोटी नुसती बडबडत सुटले. दोन खुर्च्यांवर कपड्यांची वेताची टोपली ठेवली होती, तोच पाळणा. एकीने वरून बाळ द्यायचं, दुसरीने खालून घ्यायचं, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी समजावलं. आणि देताना 'घे' म्हणायचंच, मुक्याने बाळ द्यायचं नाही आमच्यात.

गेर्डाने मीराला उचललं. पलीकडे त्रूडी गुडघ्यांवर बसून हात पुढे करून थांबली. गेर्डा त्या हातांकडे बघत राहिली... मग मीरानेच भोकाड पसरलं.

"नीम, त्रूडी," गेर्डा म्हणाली. घे, त्रूडी.

त्रूडीने घेतलं.

"मान धर तिची."

"मी तीन पोरं वाढवलीत, गेर्डा."

"आणि तुला कुणी वाढवलं?"

त्रूडीचा चेहरा लाल झाला, आधी हसू आलं, मग रडू. गेर्डा नाक पुसत माझ्यावर डाफरली, "बघतेस काय? आता माझी पाळी ना खालून घ्यायची?" रिवाजात तीनदाच फिरवतात. त्या दिवशी मीरा सात-आठ वेळा तरी फिरली असेल. मी कशाला थांबवू...

मतं दोघींची शेवटपर्यंत तीच राहिली. पुढे जिन्यातून मोठमोठ्याने वाद चालायचे, मीरा त्यातच झोपायची. माझी टपालकी मात्र सुटली. आम्ही पुण्याला परत निघालो तेव्हा सहाही कप दोघींनी मिळून एका खोक्यात बांधून दिले. त्या सुतळीची गाठ कुणी मारायची यावरूनही वाजलंच.

आता माझी आवराआवर चालू आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहून ठेवते. बारशाचा फोटो मीराचा. त्रूडीने विणलेलं टोपडं आणि गेर्डाने विणलेले मोजे धाकट्या पणतीला, दोन्ही एकदम घालायचे, रंग जुळत नाहीत तरी. कप मात्र आपल्यापैकी कुणाचेच नाहीत. त्रूडीची नात हॅम्बर्गला असते, डिसेंबरात पुण्याला येतेय, तिला द्यायचे. मीरा, तुला ते फार आवडतात हे मला ठाऊक आहे... तरी तीन ठेवून घेऊ नकोस, सहाही दे.