पहिल्या हाकेची ओ

फौजीशी लग्न केलं की नवरा सुट्टीपुरता मिळतो आणि किस्से बारमाही. आमचं हिर्डोशीचं घर डोंगराला लागून, त्यामुळं मोबाईलला रेंज फक्त मागच्या फणसाखाली. संध्याकाळी मी तिथं उभी राहते आणि हे तिकडच्या डोंगरातल्या छावणीतून सांगत राहतात. मी कमी बोलणारी, म्हणून सगळे मलाच सांगतात. मग किस्से साठत जातात, आणि घरात कुणी नसलं की एकेक आठवायला लागतात!

*

आमच्याकडं धुक्यात कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. माणूस असेल तर तीनदा मारेल. दुसरं काही असेल तर एकदाच मारून थांबतं, असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात. ओ दिली की ते माणसाला घेऊन जातं.

हे पलटणीत नवे होते तेव्हाची गोष्ट. सकाळची हजेरी, समोरचा माणूस दिसेना इतकं धुकं. हवालदार साहेबांनी यांचं नाव पुकारलं. हे गप्प. पुन्हा पुकारलं. गप्पच! तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा, "हाजिर साहेब!"

"बहिरा आहेस काय रे?"

"न्हाई साहेब. आमच्याकडं धुक्यात पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत."

"का? कोण हाक मारतं तुमच्याकडं धुक्यात?"

"त्येच तर कळत न्हाई साहेब!"

पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची जड पिशवी, चढवून यांना मैदानभर पळवलं. सोबत यांच्याच पलटणीतले, पासली गावचे मारुती भाऊजीही पळत होते. गुन्हा तोच!

"हितं पहिल्या हाकेला ओ द्यायची," साहेबांनी बजावलं. ती सवय लागली. आत्यांना मात्र तेव्हापासून घोर लागला. "पोरगं कुणालाबी ओ दील आता," म्हणतात.

*

पुढं मारुती भाऊजी भातलावणीला सुट्टीवर गेले. छावणीत पुन्हा तसंच धुकं. साहेबांनी सवयीनं पुकारलं, "मारुती!"

"हाजिर साहेब!"

साहेब पुढच्या नावावर गेले, आणि मग एकदम थांबले. कुणी चेष्टा केली म्हणून सगळ्यांना उभं करून विचारलं. कुणीच नाही. आवाज मारुतीचाच होता, असं सगळे शपथेवर सांगतात. भाऊजींना फोन लावला तर ते पासलीत गुडघाभर चिखलात. "म्या हितं हाय साहेब, तिकडं कोण हाय?" असं त्यांनीच उलट विचारलं!

त्या दिवसापासून धुकं असलं की हवालदार साहेब प्रत्येक नाव तीनदा पुकारतात.

*

छावणीत एक कुत्रा आहे, मोत्या. मोठ्या साहेबांच्या गाडीवरसुद्धा भुंकतो. पण वरच्या पहाऱ्याच्या चौकीत गेला की रिकाम्या कोपऱ्याकडं बघून शेपूट हलवतो. भर दुपारी! तिथं कान खाली पाडून बसतो, कुणी डोकं खाजवत असल्यासारखा.

एका नव्या जवानानं घाबरत विचारलं, "साहेब, कोण आहे तिथं?"

हवालदार साहेब चहा पीत म्हणाले, "आपलाच कुणीतरी असणार. मोत्या परक्याला शेपूट हलवत नाही."

*

हे सुट्टीवर आले होते. दुपारी जेवायला बसले, मी वाढत होते. एकाएकी हातातला घास टाकून हे ताडकन उठले. "आलो आये!" म्हणत मागच्या दाराकडं निघाले.

तेवढ्यात पुढच्या दारातून आत्या आत आल्या. डोक्यावर गवताचा भारा.

"कुठं चाललास रं भरल्या ताटावरनं?"

"तू हाक मारलीस न्हवं मागनं?"

आत्यांनी भारा तिथंच टाकला. पुढं होऊन मागच्या दाराला कडी घातली. "म्या आत्ता येतीया रानातनं," म्हणाल्या. "कितीदा मारली?"

"एकदाच."

आत्यांनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. चुलीत मोहऱ्या तडतडल्या तेव्हा हे हसले. मला नाही हसू आलं.

*

आता परवाचं. नाचणी पिकलीय, म्हणून मी वरच्या शेतात पाखरं राखायला गेले होते. दुपारचं लख्ख ऊन, वारा नाही, आसपास कुणी नाही. "हाऽऽ हुर्रऽऽ" करून घसा बसला. आमच्याकडं बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, तेही बायांच्या गलक्यात ओठातल्या ओठात. म्हटलं, ऐकायला आहे कोण? जोरात हाक मारून तर बघू.

मारली. एकदाच.

"ओ!"

यांचा आवाज. डोंगराकडून नाही, बांधाच्या पलीकडून. पाखरं एकदम सगळी उठली. मी पलीकडं जाऊन पाहिलं, गवतसुद्धा हललेलं नव्हतं.

घरी आले तर आत्या म्हणाल्या, "अगं, तोंड का असं झालंय?"

"ऊन लागलं."

फणसाखाली जाऊन फोन लावत राहिले. लागेना. मनात एकच. पहिल्या हाकेला ओ आली होती, आणि हाक मी मारली होती.

दिवस मावळायच्या सुमारास यांचाच फोन आला.

"जेवलीस का?"

"तुमी बरं हाय ना?"

"मला काय झालंय? ऐक, आज एक किस्साच झाला! दुपारी ड्युटीवर होतो, खडकाच्या सावलीला. बाजूनं कुणीतरी नावानं हाक मारली. सवयीनं ओ दिली, वळलो, चार पावलं चालत आलो. मागं धाडकन आवाज! अख्खा खडक दरीत. मी टेकून उभा होतो तोच!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हवालदार साहेबांना विचारलं, तुमी बोलावलं का? ते खाली जेवत होते. आणि आवाज तर बाईचा होता गं."

"कुणाचा?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू?" हे हसले. "तू कधी नावानं हाक मारलीयस का मला?"