बाईंच्या कागदांना कपाट

मे १९५२, रविवार सकाळ. गिरीज गावचं वाचनालय. हजर: अध्यक्ष अप्पासाहेब, चिटणीस मास्तर, केळीच्या वाडीवाले इनासकाका. तिघे खुर्च्यांवर. मी उभी. चौथी खुर्ची होती. तिच्यावर अप्पासाहेबांची टोपी होती.

माझ्या पायाशी डॉक्टरीणबाईंची पत्र्याची पेटी. बाई आदल्या वर्षी वारल्या. त्यांच्या दवाखान्यात मी मदतनीस होते. गुप्तरोग, लागोपाठची बाळंतपणं, नवऱ्याची जबरदस्ती. बायका बोलायच्या, मी लिहून घ्यायचे. बाईंची भाषणं, सरकारला धाडलेले अर्ज, सगळं त्या पेटीत. माझं घर गळकं. पावसाआधी कागदांना कपाट हवं होतं. तेवढंच मागायला गेले होते.

अप्पासाहेबांनी काठीच्या टोकाने उघड्या पेटीतला एक कागद वर सरकवला. कळंबच्या एका कोळणीचं बोलणं होतं: 'दुखनं त्यानं आनलं. नको म्हनलं तर मला मारतो.'

"वाच की मोठ्याने," ते म्हणाले. "विधवा बाई, आणि उद्योग हे! आता कसली लाज?"

मास्तर हसले. "बंबात घाला, अप्पासाहेब. आंघोळीचं पाणी तरी तापेल."

मी गिळलं. कपाट हवं होतं ना.

मग इनासकाका गोडीत बोलले, "ठेवूया गं बाय कागद. फक्त आपल्या गावातल्या कोण कोण जायच्या तिच्याकडे, ती नावं आधी बघू दे."

तिघेही पुढे वाकले. हसणं थांबलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नावं यांच्या हाती गेली, तर त्याच दिवशी कुणाची तरी पाठ फुटणार.

"नावं मिळणार नाहीत."

"मग कपाट नाही," अप्पासाहेब म्हणाले.

"नको."

काठीखालचा कागद ओढून घेतला. टोपी उचलून टेबलावर ठेवली. त्या खुर्चीत बसले आणि पेटीला सावकाश कुलूप लावलं.

पेटी सध्या माझ्या खाटेवर आहे. मी खाली निजते. नावं गाळून नकला करते आहे. तरी एका कोपऱ्याला वाळवी लागलीच. आता वाचनालयाची सभासद व्हायचं ठरवलंय. समितीत बसेन, कपाटाची किल्ली मागेन. बाई सभासद चालत नाही, असं नियमांत कुठेही नाही. मी वाचून पाहिलं. अर्ज दिला. मास्तरांनी तो ठेवून घेतला, पण पोच देत नाहीत. "मागाहून या, बाई," म्हणतात.

सोमवारी पुन्हा जाणार. हातात पोच पडल्याशिवाय उठणार नाही.

पोच अजून मिळायची आहे.